व्हार्निशखालचं धुकं

१

वसंत आला की ओबेड क्रोवेलच्या घरात जी वस्तू स्वतःहून बाजूला होत नसे तिला व्हार्निश लागायचं.

तो होड्या बांधायचा. एप्रिलमध्ये स्टोनी कोव्हमधल्या निम्म्या होड्या त्याच्या शेडमध्ये पालथ्या पडलेल्या असत. त्यांना पुरून डब्याच्या तळाशी जे व्हार्निश उरे ते फेकून देणं त्याच्या जिवावर येई. मग पुढचं दार, जिन्याचा कठडा, घड्याळाची पेटी, जेवणाच्या खुर्च्या, आणि सगळ्यात शेवटी जेवणाच्या खोलीतलं चित्र. "दोन घटका स्वस्थ बसायची सोय नाही," त्याची थोरली बहीण कीझाया म्हणायची, "मलाही एक हात मारून ठेवील हा." एकदा ती खरोखरच खुर्चीला चिकटली होती. तो स्कर्ट अजून शेडमध्ये फडकं म्हणून वापरात होता.

चित्र ओबेडच्या स्वर्गवासी बायकोच्या भावाचं, ॲम्ब्रोजचं. हा माणूस न्यूयॉर्कला एका खोलीत राहून एकेक चित्र वर्षानुवर्षं रंगवत बसे, रंगावर रंग चढवी, त्यात मेणबत्तीचं मेणसुद्धा ओती म्हणतात. एका उन्हाळ्यात तो शर्टात गुंडाळून हे चित्र घेऊन आला, खिळा मागितला, भिंतीवर टांगलं, "अजून पुरं झालेलं नाही" एवढंच म्हणाला आणि परतीची गाडी पकडून गेला. पुन्हा काही आला नाही. त्याच हिवाळ्यात तिकडेच वारला.

चित्र मोठं नव्हतं, चहाच्या ट्रेएवढं. काळा समुद्र, वर लोण्यासारखा पिवळट चंद्र, त्याच्या अंगावर चालून आलेले ढग, आणि ढगाखाली डावीकडे एक एकटं शीड. सुकाणूपाशी माणूस असावा असा एक ठिपका. गावात इतरांच्या घरी जहाजांची चित्रं होती, त्यांत दोरन् दोर मोजून घ्यावा. ॲम्ब्रोजच्या होडीला एकही दोर नव्हता. "असली होडी वाऱ्यात नेली तर पहिल्याच लाटेला उलटेल," असं ओबेड आल्यागेल्याला सांगायचा, आणि जेवताना मात्र बरोबर त्या चित्राकडे तोंड करून बसायचा. त्याला ते फार आवडायचं. दरसाल व्हार्निशचा हात बसला की तो समुद्र आणखी खोल व्हायचा. वाळत मात्र कधीच नसे. भर उन्हाळ्यातही त्यावर बोट टेकवलं तर ठसा उठे.

२

यंदा सगळीच घाई होती. शनिवारी लव्हिनाचं लग्न.

लव्हिना ओबेडची एकुलती एक लेक. नवरदेव झीनस एल्ड्रिज हा 'अल्मीरा' नावाच्या मासेमारी गलबतावर होता, आणि ते उत्तरेच्या बँक्सवर, त्या उथळ समुद्रात, कॉड मासे पकडायला गेलेलं. लग्नाच्या आठवड्यात परत येणार, हे कप्तानाने हातावर हात मारून कबूल केलेलं. घरात एकामागून एक केक भट्टीतून निघत होते. कीझायाला ते ठेवायला जेवणाची खोली हवी होती, आणि ओबेडच्या बरण्या, ब्रश, फडकी तिथे पसरलेली.

"आज संध्याकाळच्या आत ही खोली रिकामी झाली नाही," ती म्हणाली, "तर केकवर टर्पेंटाइन ओतीन आणि पाहुण्यांना सांगेन, वधूपित्याची खास कृती आहे."

म्हणून ओबेडने ते केलं जे त्याने जन्मात केलं नव्हतं. पूर्वेचा वारा सुटला असताना ब्रशला हात लावायचा नाही, हे त्याने गावातल्या किती पोरांना कान धरून शिकवलं होतं. समुद्रावरची ती ओल व्हार्निशमध्ये अडकते, वरचा थर दुधाळ होतो, मग चांगली होडी मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. हे सगळं माहीत असून, पूर्वेचा वारा खिडकी हलवत असताना, त्याने चित्रावर घाईघाईने एक हात मारला आणि बरण्या गोळा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रात धुकं उतरलं होतं.

"छान!" कीझाया केकचा थाळा कमरेवर तोलून म्हणाली. "गावाला होडीचा डॉक्टर, आणि घरात हे."

ओबेड ओशाळला. वाळल्यावर तेलाने पुसून काढू, असं म्हणून त्याने विषय संपवला. न्याहारीला तो नेहमीच्या जागी बसला तेव्हा दुधाळ थर चित्राच्या उजव्या कडेला होता. दुपारी जेवायला आला तर चंद्र झाकला गेला होता. व्हार्निशचा डाग पसरतो हे त्याला ठाऊक होतं. एका बाजूने मोकळा होऊन दुसऱ्या बाजूला सरकतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आणि शीड ढगाखाली नव्हतं. ते मधे आलं होतं.

त्याने सूप संपवलं आणि शांतपणे विचार केला. भट्टी आठवडाभर पेटलेली, भिंत गरम, आतले थर मऊ. रंग घसरला असणार. गोष्ट साधी होती. फक्त घसरणारी वस्तू खाली जाते, आणि ही होडी वर आणि उजवीकडे गेली होती. चित्रातल्या लाटा ज्या बाजूने येत होत्या, त्याच बाजूला. वाऱ्याच्या तोंडावर.

३

मासेमारीची दुसरी गलबतं परतू लागली. सगळ्यांच्या तोंडी एकच, बाहेर धुक्याची भिंत उभी आहे. हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. अल्मीरा? निघताना दिसली होती. मग नाही.

गावाने लव्हिनाकडे बघणं टाळायला सुरुवात केली. ज्या घरचं जहाज लांबतं त्या घराशी लोक हवापाण्याच्या गप्पा मारत नाहीत. लव्हिना मात्र बाकं मागायला घरोघरी गेली, आणि जो कुणी हळू आवाजात बोलला त्याच्याकडून दोन जास्तीची बाकं घेऊन आली.

"पोरी," ओबेड म्हणाला, "पुढच्या शनिवारी ठेवलं तर?"

"बाबा, केक झालेत."

"केक टिकतात."

"मी नाही टिकणार." तिने बाक आपटून ठेवलं. डोळे कोरडे होते, नाक लाल. "या शनिवारी लग्न आहे. त्याला माहितेय. तो येईल. नाही आला तर मी तिथे जाऊन उभी राहीन, आणि सगळे बसून माशांचं चाउडर खातील, आणि मग काय ते बघू. तुम्ही त्या कोपऱ्यातल्या टेबलाचे पाय रंध्याने सारखे करून द्या, डगडगतंय."

ओबेडने पाय सारखे करून दिले. तिची आई गेली तेव्हा ही पोरगी जेमतेम कमरेएवढी होती आणि तेव्हाही तिने असंच एका कामावरून दुसऱ्या कामावर उड्या मारल्या होत्या. लेकीचं हसू गेलं तर या घरात पुन्हा व्हार्निश लावायला काही कारण उरणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

पिठाचं पोतं ठेवायला तो जेवणाच्या खोलीत गेला आणि त्याला भोंगा ऐकू आला.

धुक्यात गलबतं वाजवतात तो पत्र्याचा भोंगा. बारीक, लांबून आलेला. त्याने खिडकी उघडली. बाहेर कुणीतरी खिळे ठोकत होतं, कुत्रं भुंकत होतं. खिडकी लावली. भोंगा पुन्हा वाजला. किटली? किटली स्वयंपाकघरात, आणि थंड. घड्याळ? त्याने घड्याळाला कान लावला. मग इकडेतिकडे बघून, कुणी नाही अशी खात्री करून, त्याने चित्राला कान लावला.

आवाज आतून येत होता. त्यामागे पाणी हलत होतं.

तो दचकून मागे सरला, तर गाल चिकटलेला. ओढून सोडवावा लागला.

"गालाला काय लागलंय तुझ्या?" कीझायाने विचारलं.

"व्हार्निश."

तिने एप्रनच्या टोकाने त्याचा गाल पुसला, लहानपणापासूनच्या सवयीने बोट जिभेला लावलं आणि थांबली. "खारट आहे," ती म्हणाली.

४

शुक्रवारी दुधाळ थर दाट झाला होता, तरी मधूनमधून विरे. तसा तो विरला तेव्हा ओबेड केकच्या थाळ्यांमधून वाट काढत अगदी जवळ गेला.

होडी आता होडी नव्हती. तिला दोन डोलकाठ्या होत्या. आणि दोर होते. ओबेडने एकेक दोर ओळखला, कारण अल्मीराची पुढची डोलकाठी गेल्या साली त्यानेच बसवली होती. नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, कुणी उभं होतं, आणि त्याच्या गळ्याशी पिवळ्या रंगाचा एक कण होता.

हिवाळ्यात लव्हिनाने झीनसला पिवळाधमक मफलर विणून दिला होता. तो इतका पिवळा होता की धक्क्यावरचे लोक म्हणत, आता दीपगृहाचं तेल वाचलं, झीनसलाच टोकावर उभा करा.

खाली उजव्या कोपऱ्यात एक काळा ढिगारा होता. इतकी वर्षं ओबेड त्याला लाटेची सावली समजत आला होता. आज त्याभोवती पांढरी रेघ होती. पाणी असं पांढरं एकाच ठिकाणी फुटतं. गावाच्या टोकाबाहेर 'म्हातारी' म्हणून खडक आहे, भरतीला बुडतो, ओहोटीला नुसता पाठीचा कणा वर काढतो. त्याच्यावर काय काय फुटलंय ते ओबेडपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? त्यातली फळकुटं त्याच्याच शेडमध्ये येत.

गलबताची नाळ सरळ म्हातारीकडे होती. पांढरा थर पुन्हा मिटला.

"किती वेळ उभा आहेस?" मागे कीझाया. तिच्या हातात रुबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीची वाफाळती थाळी होती. ती काही तिखट बोलणार होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिने चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. थाळी खाली ठेवली. खोलीचं दार लोटून घेतलं.

"लव्हिनाला यातलं काही सांगायचं नाही," ती म्हणाली.

"तुलाही दिसतंय?"

"मला काही दिसत नाही. मला उद्या शंभर माणसांना जेवू घालायचंय." ती म्हणाली. "पूर्वेच्या वाऱ्यात तू व्हार्निश मारलंस ना? मग तूच पूस."

"खालचा रंग ओला आहे, कीझाया. हात जड पडला तर धुकं जाईल आणि त्याच्याबरोबर ती..."

"मग हात हलका ठेव."

५

शनिवारी उजाडताच ओबेड खोलीत गेला. घर अजून उठायचं होतं. टेबलावर, कपाटावर, खुर्च्यांवर केकच केक, आणि सगळ्यात उंच लग्नाचा, मनुकांनी काळा झालेला.

त्याने जुन्या फ्लॅनेलचा तुकडा घेतला, त्यावर अळशीचं तेल, टर्पेंटाइनचा एक थेंब. उजव्या हातावर गुंडाळला. या हाताचं मधलं बोट तरुणपणीच वाकसाने, लाकूड तासायच्या हत्याराने, उडालेलं, त्यामुळे फडकं तिथे खोलगट बसे, आणि म्हणूनच त्याच्यासारखा मऊ हात गावात कुणाचा नव्हता असं तो गमतीने म्हणे.

भोंगा वाजला. या वेळी जवळून. घाईघाईने, एकसारखा.

ओबेडने डावीकडून सुरुवात केली. दाब नाही, नुसता स्पर्श. डावीकडून उजवीकडे एकच हात, होडीला शेवटचा फिरवतात तसा.

फडक्यातून गार वारा त्याच्या बोटांना लागला. पाठोपाठ ओल. तेलाची नाही. थर बाजूला होत गेला आणि खालून काळं, लख्ख, हलणारं पाणी वर आलं. गलबत दिसलं, त्याला वाटलं होतं त्याहून जवळ, खडकाच्या पांढऱ्या रेघेला लागूनच. आणि नाळेवरच्या माणसाने मान वर केली. चित्रातला माणूस चित्राबाहेर बघतो तशी नाही. आभाळात काही दिसल्यावर माणूस वर बघतो तशी. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले होते.

ओबेडने हात झटक्यात मागे घेतला.

त्याने पुन्हा पाहिलं तेव्हा चंद्र होता, ढग होते, मोकळा समुद्र होता. म्हातारीभोवती पाणी फुटत होतं. गलबत नव्हतं.

त्याने चित्राचा कोपरान् कोपरा पाहिला. मग फडकं उलटं केलं. त्यावर एक काळी रेघ उमटली होती, आणि तिच्या टोकाला नखाएवढा पिवळा ठिपका.

ओबेड केकच्या मधोमध जमिनीवर बसला. घर उठलं. पावलं वाजू लागली, कुणीतरी गाणं म्हणत जिना उतरलं. "बाबा!" लव्हिनाने बाहेरून हाक मारली. "बाकं उचलायला या!" त्याने फडकं मुठीत घट्ट धरलं होतं. मुठीतून पाणी ठिबकत होतं.

६

चर्चची घंटा भलत्याच वेळी वाजली. कुणी वाजवली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"अल्मीरा!" रस्त्यावरून कुणी ओरडत गेलं. "टोकाला वळसा घालतेय! अल्मीरा!"

मग काय विचारता! कुरळे करायला केस कागदात गुंडाळलेल्या बायका धावल्या, अर्ध्या दाढीचे पुरुष धावले. लव्हिना लग्नाच्या झग्यात पण अनवाणी, तिच्यामागे बूट घेऊन कीझाया. ओबेड सगळ्यांत शेवटी पोचला, आणि त्याला दिसलं ते एवढंच की धक्क्याला अजून दोर लागला नसताना एक पिवळा मफलर मधलं पाणी ओलांडून इकडे उडी मारतोय.

लव्हिना रडली नाही. तिने झीनसच्या छातीवर दोन गुद्दे घातले. "केक शिळे होत होते!" ती म्हणाली, आणि मग रडली.

"याला माशाचा वास येतोय," कीझायाने निकाल दिला. "या असल्याला मी देवाच्या दारात उभा करणार नाही." तिने नवरदेवाला कॉलर धरून ओबेडच्या शेडमध्ये नेलं आणि होड्या घासायच्या ब्रशने घासला. तो आतून ओरडत होता आणि बाहेर अख्खं गाव हसत होतं. पाद्रीबुवाही हसत होते. लग्न तासभर उशिरा लागलं. वधूच्या पायात बूट होते, वराच्या अंगाला किंचित कॉडचा वास होता, आणि ओबेड पहिल्या बाकावर लहान मुलासारखा हुंदके देत बसला होता. लोक म्हणाले, एकुलती एक लेक, व्हायचंच.

७

दुपारी धक्क्यावर टेबलं लागली. चाउडरची पातेली, घेवड्याचे भाजलेले दाणे, काकवी घालून केलेला काळा पाव, आणि केक. दोन फिडलवाले पिंपांवर चढून वाजवत होते. नाचताना एक फळी मोडली, ती ओबेडने तिथल्या तिथे बसवून दिली.

तो हातोडा ठेवून, बशी उचलून वळला तर झीनस समोर. घासून घासून लाल झालेला.

"काका, एक सांगू? कप्तानाला नाही सांगितलं. दारू प्यायलो होतो म्हणेल."

"सांग."

"दुधासारखं धुकं होतं. भोंगा वाजवून वाजवून ओठ फाटले आमचे. पुढ्यात म्हातारी आहे हे वासावरूनही कळलं नाही. आणि मग धुकं उघडलं. विरलं नाही, उघडलं. डावीकडून उजवीकडे. आजी खिडकीची काच पुसते ना, तसं. समोर फेसच फेस. कप्तानाने सुकाणू फिरवलं, आणि बाजू घासून निघालो. तेव्हा मी वर बघितलं."

"ढग असेल."

"हो. ढगच." झीनसची नजर ओबेडच्या बशीवर होती. बशी धरलेल्या हातावर. "त्या ढगाला मधलं बोट नव्हतं, काका."

ओबेडने बशी पिंपावर ठेवली आणि हात खिशात घातला.

"आभारी आहे," झीनस हळूच म्हणाला. मग त्याने अचानक सासऱ्याला मिठी मारली, आणि ओबेडच्या अंगातला सगळा गारठा निघून गेला. तो हसायला लागला. कितीतरी दिवसांनी पोटातून हसला.

हसत असतानाच बाहेरचं धुकं बंदरात शिरलं. बघता बघता डोलकाठ्या गेल्या, टेबलं गेली, समोरचा माणूस गेला. फिडल अडखळून थांबलं. कुठूनतरी कीझायाचा आवाज आला, "केक झाका!" आणि कुठूनतरी लव्हिनाचं हसू, "बाबा? झीनस? नवरा हरवला माझा, पहिल्याच दिवशी!"

मग धुकं उघडलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, हलक्या हाताने. लख्ख ऊन धक्क्यावर सांडलं. लोकांनी आरोळी ठोकली, टोप्या उडवल्या. वधूचं नशीब बघा, म्हणाले. हवेत टर्पेंटाइनचा अगदी पुसट वास होता. शेड जवळच होती, तिथूनही आला असेल.

ओबेडने मान वर केली नाही. झीनसने केली होती. तो डोक्यावर दोन्ही हात धरून उभा होता.

"काय रे?" ओबेडने त्याच्याकडे न बघता विचारलं.

"या हाताची," झीनस म्हणाला, "सगळी बोटं शाबूत आहेत, काका."

ओबेड क्षणभर पायाखालच्या फळीकडे बघत राहिला. ती त्यानेच आत्ता बसवली होती, चांगली घट्ट होती.

"टोपी काढ," तो म्हणाला. त्याने स्वतःची काढली, चर्चमध्ये काढतात तशी. "आणि वर बघू नकोस. नाच."

"बाबा!" लव्हिना धावत आली आणि तिने त्याचा खिशातला हात ओढून बाहेर काढला, तोच, चार बोटांचा. तो गार पडला होता, तो तिने दोन्ही हातांत धरून चोळला. "कुठे लपलात? चला!"

"वाजवा रे!" ओबेड पिंपांकडे बघून ओरडला, आणि लेकीबरोबर उन्हात उतरला.